मैदानावरचा आवाज

विद्यार्थी मित्रांनो, चेंबूरच्या मैदानांवर तुम्ही क्रिकेट खेळता. मोठे सामने मात्र घरी टीव्हीवर किंवा मोबाइलवर पाहता. पण मुंबईत दूरदर्शन सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्यापूर्वी ज्यांना मैदानावर जाता येत नसे, ते काय करत असतील बरे? ते रेडिओला कान लावून बसत. खेळ चालू असतानाच त्याचे वर्णन करणे, याला मराठीत धावते समालोचन म्हणतात. तुम्ही त्यालाच 'आँखों देखा हाल' म्हणता. आपल्या देशात ही कला रुजवणाऱ्यांत ए. एफ. एस. तल्यारखान यांचे नाव अग्रभागी आहे.

तल्यारखान यांचा जन्म १८९७ साली एका पारशी कुटुंबात झाला. लोक त्यांना बॉबी म्हणत. त्या काळी मुंबईत चौरंगी सामने फार गाजत. युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुस्लिम असे चार संघ त्यांत खेळत. १९३४ साली पारशी आणि मुस्लिम संघांचा सामना होता. तल्यारखान मायक्रोफोनसमोर बसले आणि एकेका चेंडूचे वर्णन करू लागले. भारतातील क्रिकेट समालोचनाचा पाया तेथे घातला गेला.

त्यांचा आवाज भारदस्त होता. ते इंग्रजीत बोलत. आज समालोचक आळीपाळीने बोलतात. तल्यारखान मात्र दिवसभर एकटेच बोलत! जेवण आणि चहाच्या वेळेपुरतीच काय ती त्यांना विश्रांती मिळे. ऐकणाऱ्याला मैदान दिसत नसते. चेंडू कोणी टाकला, फटका कोठे गेला, धावा किती झाल्या, हे सारे शब्दांनीच दाखवावे लागते. तेही अचूक आणि क्षणात! विचार करा, हे काम किती कठीण असेल!

१९३७ पासून या सामन्यांत पाचवा संघ आला आणि ते पंचरंगी झाले. पण धर्मावरून संघ पाडणे योग्य आहे का, असा प्रश्न लोक विचारू लागले. महात्मा गांधींनीही १९४० साली आपली नापसंती दर्शवली. ज्या सामन्यांनी तल्यारखान यांना नाव मिळवून दिले, त्यांच्याच विरुद्ध त्यांनी लेखणी उचलली. आपल्या फायद्यापेक्षा त्यांना तत्त्व मोठे वाटले. १९४६ मध्ये हे सामने कायमचे बंद झाले.

तल्यारखान स्वभावाने मानी होते. १९४८-४९ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारतात आला. आकाशवाणीने तीन समालोचक नेमायचे ठरवले. मायक्रोफोन इतरांबरोबर वाटून घेणे तल्यारखान यांना रुचले नाही. त्यांनी ते काम सोडून दिले. श्रोते एका आवडत्या आवाजाला मुकले. या प्रसंगी त्यांचे बरोबर होते की चूक? तुम्हीच ठरवा.

मायक्रोफोन सुटला, तरी खेळ सुटला नाही. वर्तमानपत्रांतून ते खेळांवर परखडपणे लिहीत राहिले. खेळाडू असो वा अधिकारी, चूक दिसली की ते कोणाची भीड ठेवत नसत. १९९० साली, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, मैदान गाजवायला बॅट किंवा चेंडूच हातात हवा असे नाही. भाषेवर प्रभुत्व, खेळाचे ज्ञान आणि निर्भय मन असेल, तर शब्दांनीही मैदान गाजवता येते.