संत फ्रान्सिस झेवियर : जुनी खोड व नवे वळण

द्रोणागिरीच्या डोंगरावर पोर्तुगीज अमलातील किल्ल्याचे व प्रार्थनामंदिराचे भग्नावशेष आजही दृष्टीस पडतात. हा किनारा ज्या १६ व्या शतकात पोर्तुगिजांकडे गेला, त्याच शतकात संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. त्यांचे चमत्कार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ज्युबिली हा मागील आयुष्याची झडती घेऊन नवा निश्चय करण्याचा काळ. म्हणून ह्या प्रसंगी त्यांच्या चरित्राची एक निराळी बाजू वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. वाईट सवयी त्यांनी प्रथम स्वतःच्या कशा मोडल्या व मग इतरांच्या कशा मोडविल्या, ती ही बाजू होय.

फ्रान्सिस ह्यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजी नावारा देशातील झेवियर येथील गढीत झाला. १५१२ मध्ये नावाराचे राज्य स्पेनच्या हाती गेले, १५१५ मध्ये वडील वारले, आणि पुढच्याच वर्षी गढीचे तट पाडण्यात आले. गेलेली प्रतिष्ठा विद्येच्या बळावर परत मिळवावी ह्या ईर्षेने ते १५२५ मध्ये पॅरिसच्या विद्यापीठात दाखल झाले. बुद्धी तल्लख, शरीर चपळ, उड्या मारण्याच्या खेळात मोठे नाव. पण त्याबरोबर कुळाचा ताठा, मानाच्या जागेची हाव व खर्चिकपणा हेही अंगी मुरले होते.

१५२९ मध्ये इग्नाती लोयोला त्यांच्याच खोलीत राहावयास आले. फ्रान्सिस त्यांची थट्टा करीत. इग्नातींनी मात्र त्यांस धारेवर न धरता शिकवणीसाठी विद्यार्थी मिळवून दिले, अडचणीस पैसा पुरविला व धीराने वाट पाहिली. अखेर १५ ऑगस्ट १५३४ रोजी माँमार्त्रच्या टेकडीवर त्या दोघांनी इतर पाच सोबत्यांसह व्रत घेतले, आणि त्यानंतर फ्रान्सिस ह्यांनी इग्नातींची आध्यात्मिक साधना केली.

त्या साधनेतील एक रीत सर्वांस उपयोगी पडेल अशी आहे. एका वेळी एकच दोष निवडावा. सकाळी उठताच तो टाळण्याचा निश्चय करावा. दिवसभरात चूक घडली की, हात छातीवर ठेवून मनातल्या मनात पश्चात्ताप करावा. दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर किती वेळा घसरलो ते मोजून कागदावरील रेघेवर तितके ठिपके द्यावे, आणि कालच्याशी आजचे व गेल्या आठवड्याशी ह्या आठवड्याचे ताडून पाहावे.

त्या साधनेच्या दिवसांत, उड्यांच्या गर्वाचे प्रायश्चित्त म्हणून फ्रान्सिस ह्यांनी आपले अवयव दोरीने इतके आवळले की, दोरी मांसात रुतली. त्याचे अनुकरण कोणी करावे असे आम्ही म्हणत नाही. त्यांच्या ठायी टिकाऊ पालट झाला तो सेवेने. १५३७ मध्ये व्हेनिसच्या इस्पितळात दुर्धर रोग्यांच्या जखमा धुताना त्यांस किळस येई. तरी ते मागे हटले नाहीत. मान घेण्याची सवय गेली, तिच्या जागी राबण्याची सवय आली.

६ मे १५४२ रोजी ते गोव्यास पोहोचले. वसतीस इस्पितळ निवडले. दर रविवारी शहराबाहेरील महारोग्यांकडे ते जात. हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुलांस व गुलामांस हाक घालीत आणि धर्मतत्त्वे सोप्या बोलीत, चालीवर म्हणवून घेत. सैनिक पत्ते खेळत असले तर त्यांस हुसकून न लावता ते त्यांच्याशेजारी बसत, ओळख वाढवीत व हळूहळू पापनिवेदनापर्यंत आणीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

दंडाचा मार्ग त्यांनी चोखाळलाच नाही असे नाही. दक्षिणेकडील मोती काढणाऱ्या परवांच्या किनाऱ्यावर अरक पिणाऱ्या स्त्रियांस दंड व कोठडी देण्याची आज्ञा त्यांनी १५४४ मध्ये दिली होती. परंतु जे अधिक फळास आले ते दुसरेच. १५४६ मध्ये ते मलाक्काहून पूर्वेकडील मोलुक्का बेटांत गेले. तेर्नाते येथील लोकांच्या तोंडी हलकी गाणी असत. झेवियर ह्यांनी त्यांस विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना, नमो मारिया व दहा आज्ञा गावयास शिकविल्या. थोड्याच काळात मुले चौकांत, स्त्रिया घरांत, मजूर शेतांत आणि कोळी समुद्रावर तीच पदे गाऊ लागले, असे त्यांनी स्वतः १५४८ मध्ये कळविले आहे. गाण्याची आवड त्यांनी मोडली नाही. तिला नवे वळण दिले.

३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगत सांच्यान बेटावर त्यांस मरण आले. १६२२ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांस व इग्नातींस एकाच दिवशी संतपद दिले.

ह्या चरित्रावरून आम्हांस एवढेच सुचवावयाचे आहे. झाडून रिकाम्या ठेवलेल्या घरात अशुद्ध आत्मा आणखी सात सोबती घेऊन परततो, हा शुभवर्तमानातील दृष्टान्त आपल्या परिचयाचा आहे. जो गडी सायंकाळी गुत्त्याकडे वळतो, त्यास नुसते रागे भरून भागत नाही. ती सायंकाळची घटका कोठे घालवावी हे त्यास दाखविले पाहिजे. घरात रोझरीसाठी त्याची वाट पाहिली जावी, गायकवृंदात वा आजाऱ्यांच्या भेटीत त्यास काम असावे. तो पुन्हा घसरला तर इग्नातींनी फ्रान्सिसची पाहिली तशी आपणही वाट पाहावी. आपण प्रत्येकाने ह्या ज्युबिलीच्या वर्षी एकच खोड निवडावी, तिच्या जागी एकच चांगली सवय लावावी, आणि संत फ्रान्सिस ह्यांच्या मध्यस्थीने प्रभू तीस सिद्धीस नेवो, अशी आमची प्रार्थना आहे.