ताजमहालातली बाळंतीण



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या प्रसिद्ध स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा जिजाऊ, अहिल्याबाई, सावित्रीबाई ही नावे इतर जणींनी आधीच घेऊन टाकली होती. मी मुमताजमहल म्हटले. दोघीतिघी हसल्या. तिने स्वतः असे काय केले, नवऱ्याने तिच्यासाठी थडगे बांधले एवढेच ना, असे एकीने विचारलेही. त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, चारचौघींत बोलताना अडखळते. म्हणून आता लिहून सांगते.

मागच्या हिवाळ्यात आपली सहल बऱ्हाणपूरला गेली होती, ते आपणांस आठवतच असेल. आपल्या भुसावळहून आगगाडीने तासाभराची वाट. तापीच्या काठावरचा तो पडका शाही किल्ला आपण पाहिला आणि मुमताजचे म्हणून दाखवतात ते हमामखानेही पाहिले. छतावरची रंगीत नक्षी पाहण्यात सगळ्या गढून गेल्या होत्या. माझ्या डोक्यात मात्र माहिती सांगणाऱ्या माणसाचे एकच वाक्य बसले होते. ही राणी याच गावी चौदाव्या बाळंतपणात गेली, असे तो सहज सांगून पुढे चालू लागला होता. घरी आल्यावर मी वाचनालयातून पुस्तके आणून वाचली. जे कळले ते असे.

तिचे माहेरचे नाव अर्जुमंद बानू. जन्म १५९३ चा. आजोबा इराणातून नशीब काढावयास हिंदुस्थानात आले आणि मोगल दरबारात मोठ्या पदाला चढले. वडील आसफखान. जहांगीर बादशहाची प्रसिद्ध बेगम नूरजहान ही तिची सख्खी आत्या. १६०७ साली चौदाव्या वर्षी शाहजादा खुर्रमशी, म्हणजे पुढच्या शहाजहानशी, तिची सोयरीक ठरली. लग्न मात्र १६१२ साली झाले. मधल्या पाच वर्षांत त्याचे एक लग्न दुसरीकडे होऊन गेले होते, आणि १६१७ साली आणखी एक झाले. राजघराण्यातली लग्ने, ती राजकारणासाठीच असत.

पण त्याचे मन अर्जुमंदपाशी जडले ते जडलेच. मुमताजमहल ही पदवी त्यानेच तिला दिली. त्या दुसऱ्या दोघींना एकेकच मूल झाले. मुमताजला चौदा झाली. कवींनी या प्रेमाची खूप वर्णने केली आहेत. मला मात्र वाचता वाचता वाटले की, नवऱ्याचे सगळे प्रेम एकीच्याच वाट्याला आले आणि त्याबरोबर सगळी बाळंतपणेही एकीच्याच वाट्याला आली.

पहिली मुलगी १६१३ साली झाली. १६१४ साली जहाँआरा, १६१५ ला दारा शुकोह, १६१६ ला शुजा, १६१७ ला रोशनआरा, १६१८ ला औरंगजेब, १६१९ ला उमेदबक्ष. सात वर्षांत सात! आपल्यातल्या ज्यांना पाठोपाठची दोन मुले आहेत त्यांनीच याचा विचार करावा. राणीच्या मुलांना पाजावयास दाया असत. स्वतः अंगावर पाजले तर पुढचे दिवस जावयास थोडा तरी अवकाश मिळतो, तोही तिला नव्हता. ज्याला आपण थाट म्हणतो, त्यानेच तिच्या शरीराचा विसावा काढून घेतला.

आणि ही बाळंतपणे एका जागी, उशाला आई बसलेली, अशी झाली असे समजू नका. शहाजहान मोहिमेवर निघाला की ती बरोबर निघे. तीन मुले अजमेरला झाली, रोशनआरा आपल्या या बऱ्हाणपूरला, औरंगजेब गुजराथच्या वाटेवर दाहोदला. १६२२ साली शहाजहानने बापाविरुद्ध बंड केले आणि मग तर पळापळच सुरू झाली. शाही फौज पाठीवर, पावसाळ्यात तापी ओलांडावयाची, तिथून गोवळकोंड्याच्या मुलखातून ओरिसा, बंगाल, बिहार. मुरादचा जन्म १६२४ साली बिहारात रोहतासच्या किल्ल्यावर झाला. हत्तीच्या अंबारीत असो की पालखीत, भरल्या पोटाने शेकडो कोस जाणे म्हणजे काय, हे बैलगाडीने माहेरी गेलेल्या आपल्या आज्यांना विचारावे लागेल.

१६२६ साली बंड मोडले. बापाने माफी दिली, पण ओलीस म्हणून दारा आणि औरंगजेब यांना मागून घेतले. एक अकरा वर्षांचा, दुसरा आठाचाही नाही. ते दोघे दूर लाहोरकडे गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिला आणखी एक मुलगा झाला. पुढे जहांगीर वारला तेव्हा हे जोडपे आपल्या जुन्नरला होते. तिथून निघून १६२८ साली शहाजहान आग्र्याला तख्तावर बसला, मुमताज पट्टराणी झाली, बादशाही शिक्का तिच्या हाती आला, दूर गेलेले दोघे मुलगे परत आले. त्याच वर्षी सात वर्षांची सुरय्या आणि दीड वर्षाचा लुत्फुल्ला असे दोघे गेले. चौदांपैकी सात मुले तिच्या डोळ्यांदेखत गेली. थोरली तर तीन वर्षांची होऊन देवीच्या रोगाने गेली होती. ताजमहालाच्या चित्राखाली हे कोणी छापत नाही.

१६२९ च्या डिसेंबरात खानजहान लोदी या बंडखोर सरदाराच्या पाठीवर शहाजहान दक्षिणेकडे निघाला. मुमताज बरोबर. १६३० च्या मार्चमध्ये सारा लवाजमा बऱ्हाणपूरला आला. त्याच्याच आधी काही दिवस, १९ फेब्रुवारीला, तिकडे जुन्नरजवळ शिवनेरीवर जिजाऊसाहेब प्रसूत झाल्या होत्या. धामधुमीच्या काळात बाळंत होणाऱ्या या दोन बाया. एकीचे पुत्र पुढे दुसरीच्या पुत्राशी झुंजणार होते. असो. त्या साली पाऊस पडला नाही आणि दक्षिणेत व गुजराथेत भयंकर दुष्काळ पडला. अशा दिवसांत मुमताजला चौदाव्यांदा दिवस गेले. वय सदतीस-अडतीस.

आता इथे थोडे थांबून सांगते. माझी आजी म्हणत असे की, पहिलटकरीण तेवढी अवघड, पुढची बाळंतपणे वाट मळल्यासारखी सोपी. पहिल्या तीन-चारांपुरते ते चालेलही. पुढे पुढे उलटे होते, हे मला आमच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी समजावले. मूल बाहेर आले की गर्भपिशवी मुठीसारखी आवळली पाहिजे. वार जिथे चिकटलेली असते तिथल्या शिरा त्या आवळण्यानेच बंद होतात. पुष्कळ बाळंतपणे झाली की पिशवी सैल पडते, मूठ मिटत नाही आणि रक्त चालू राहते. दिवस भरलेल्या बाईच्या गर्भपिशवीतून मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त फिरत असते. मूठ मिटली नाही तर किती थोड्या वेळात काय होईल, याचा हिशेब कोणीही करावा. त्यातून बाई आधीच पांढरी पडलेली असेल, वय वाढलेले असेल, कळा फार लांबल्या असतील, तर विचारूच नका.

जून १६३१. मुमताजला कळा सुरू झाल्या त्या तीस तास चालल्या असे सांगतात. घरात कशाची वाण होती? वझीरखानासारखा नामांकित हकीम होता. सतिउन्निसा नावाची विद्वान विधवा बाई तिची कारभारीण होती, तिलाही वैद्यक येत होते. सतरा वर्षांची जहाँआरा आईच्या उशाशी होती. काही सुचेना तेव्हा आईला आराम पडावा म्हणून तिने गोरगरिबांना जडजवाहीर वाटले, अशीही हकीकत आहे. त्या पोरीची मला फार कीव आली. आईची तेरावी-चौदावी बाळंतपणे पाहणारी मोठी मुलगी आपल्याकडेही घरोघर असे. पाणी तापवावे, धाकट्यांना सांभाळावे, आणि कोणी विचारीत नाही तो घोर एकटीने मनात घेऊन हिंडावे.

आणि शहाजहान? तो त्याच किल्ल्यात होता. त्या काळी पुरुषमाणसाने बाळंतिणीच्या खोलीकडे फिरकावयाचे नाही. ज्याच्या एका शब्दावर लाख लाख फौज हलत असे तो माणूस निरोपाची वाट पाहत बसलेला. मुलगी झाली. मग निरोप आला तो राणीची अवस्था वाईट असल्याचा. तो धावत गेला. मुलांना आणि आपल्या म्हाताऱ्या आईबापांना सांभाळा, एवढे तिने त्याला सांगितले असे इतिहासकार लिहितात. १७ जूनला पहाटेच्या सुमारास ती गेली. रक्त थांबले नाही.

सोळा वर्षांपूर्वी माझ्या दुसऱ्या बाळंतपणात माझेही रक्त थांबत नव्हते. सहाव्या महिन्यातच नर्सबाईंनी माझ्या कार्डावर लाल शेरा मारला होता, रक्त सातावर आले आहे म्हणून. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी मळमळते म्हणून मी त्या न्हाणीत ओतून देई आणि घेतल्या असे खोटेच सांगे. दोष माझाच. रात्री अकराला मुलगा झाला आणि थोड्या वेळाने माझे हातपाय गार पडू लागले. इंजेक्शने झाली, पोट चोळणे झाले, तरी रक्त लागणार म्हणाले. आमच्या ह्यांचे रक्त जुळेना. ह्यांनी सायकल काढली आणि गल्लीतल्या दोघांना झोपेतून उठवून आणले. त्या दोघांच्या बायका आज आपल्या मंडळात आहेत, आणि हे वाचताना त्यांना कळेल. मला ह्यातले काही आठवत नाही. ह्यांना सगळे आठवते, पण बोलत नाहीत. त्या दवाखान्याच्या फाटकावरून जाताना अजून सायकलीचा वेग वाढतो, एवढेच मी पाहिले आहे.

महिन्याभराने ह्यांनी आपणहून जाऊन शस्त्रक्रिया करून घेतली. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. हे स्मरणिकेत लिहू का, म्हणून काल विचारले. लिही म्हणाले.

शहाजहानला मी निष्ठुर म्हणणार नाही. जोडप्याने आता पुरे म्हणावे असे शास्त्र त्यांच्यापाशी नव्हते, आणि राजाला पुत्र जितके होतील तितके थोडेच, अशी रीत. रक्ताचे गट असतात हेच मुळी १९०१ साली कळले. पिशवी आवळणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन त्याच्याही पुष्कळ नंतरचे. आज आपल्याकडे दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची फुकट तपासणी होते आणि अतिजोखमीची माता कोण ते आधीच हेरतात. १०८ ला फोन केला की गाडी येते. बऱ्हाणपूरच्या किल्ल्यात सोन्याची ताटे होती, यातले काही नव्हते.

तिला तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत पुरले. शहाजहान आठ दिवस कोणाला दिसला नाही. पुढे बाहेर आला तेव्हा त्याचे केस पिकले होते म्हणतात. दोन वर्षे त्याने गाणेबजावणे, रंगीत वस्त्रे, दागिने सोडले. डिसेंबरात शुजा, वझीरखान आणि सतिउन्निसा यांच्याबरोबर तिचा देह आग्र्याला नेला. १६३२ साली यमुनेकाठी काम सुरू झाले, मुख्य घुमट दहाबारा वर्षांत उभा राहिला, भोवतालचे सारे पुरे व्हावयास १६५३ साल उजाडले. तिच्या संपत्तीचा अर्धा वाटा जहाँआराला मिळाला आणि धाकट्या भावंडांचे आईपणही तिच्याकडेच आले. तिचे लग्न झाले नाही. भाऊ पुढे तख्तासाठी एकमेकांच्या जिवावर उठले, तेही तिने पाहिले.

आपण सहलीला गेलो तेव्हा पलीकडच्या काठावर जावयास वेळ उरला नव्हता. गाडीची वेळ झाली होती. पुढच्या खेपेला तिकडे अवश्य जाऊ.

त्या रात्री जी मुलगी जन्मली तिचे नाव गौहरआरा. आई गेली, पण ही जगली, आणि चांगली पंचाहत्तर वर्षांची होऊन १७०६ साली वारली.