रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप : पावसाळ्यांतील शेवटचा प्रवास

श्रावण-भाद्रपदांत केनवडच्या शिवारांतून एका वस्तीहून दुसऱ्या वस्तीस उपासनेसाठीं जाणाऱ्या बंधूंस काळ्या मातीचा चिखल व नाल्यांचे पूर यांविषयीं कांहीं नवें सांगावयास नको. गाडीचें चाक रुततें, वहाणा हातांत घ्याव्या लागतात, आणि पुढच्या नाल्यास किती पाणी आहे हें त्याच्या कांठीं गेल्यावांचून कळत नाहीं. अशाच काळ्या मातीच्या मुलखांत ज्यांनीं आपलें आयुष्य प्रभूच्या सेवेंत वेंचिलें, आणि पावसाळ्यांतील अशाच एका ओढ्यांत ज्यांचा अंत झाला, त्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचें चरित्र प्रिय वाचकांपुढें थोडक्यांत मांडीत आहों. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु ज्यांचें नांव त्यास दिलें आहे, ते खेड्यापाड्यांतून फिरणारे एक उपदेशक होते, हें थोड्यांसच ठाऊक असतें.

हिस्लॉपसाहेबांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजीं स्कॉटलंडांतील डन्स या गांवीं झाला. एडिंबरो व ग्लासगो येथें त्यांचें शिक्षण झालें, आणि थोर धर्मगुरु डॉ. चामर्स यांच्यापाशीं त्यांनीं ईश्वरविद्येचा अभ्यास केला. मद्रासी फौजेंतील कॅप्टन हिल नांवाच्या एका भाविक अधिकाऱ्यानें नागपुराकडे मिशन सुरू व्हावें म्हणून मोठी देणगी दिली होती. त्या कामासाठीं स्कॉटलंडच्या फ्री चर्चनें हिस्लॉपसाहेबांस पाठविलें. नुकताच विवाह झालेल्या पत्नीसह ते १८४४ च्या डिसेंबरांत मुंबईस उतरले, आणि १८४५ च्या आरंभीं नागपुरास पोंचले. त्या वेळीं नागपुरावर भोसल्यांचें राज्य होतें. आगगाडी तर नव्हतीच. ती नागपुरास पोंचली १८६७ सालीं, म्हणजे साहेबांच्या मृत्यूनंतर. जें जाणें-येणें होई तें घोड्यावर, बैलगाडींत, नाहीं तर पायीं.

त्यांनीं प्रथम मराठी भाषा आपलीशी केली, आणि १८४६ सालीं नागपुरांत शाळा उघडली. पुढें रेव्हरंड रॉबर्ट हंटर त्यांस सहकारी म्हणून येऊन मिळाले. पावसाळ्यांत शहरांतील काम व शाळा, आणि हिंवाळा लागला म्हणजे गाडीवर राहुटी टाकून गांवोगांव फिरणें, असा क्रम असे. झाडाखालीं मुक्काम करावा, गांवकऱ्यांशीं बोलावें, शुभवर्तमान सांगावें, आणि पुढच्या गांवीं जावें. हें काम आपल्या उपदेशकांस नवें नाहीं.

परंतु साहेबांची एक गोष्ट निराळी होती. वाटेनें चालतांना त्यांचे डोळे मिटलेले नसत. १८५१ सालीं नागपुराजवळील टाकळी येथें त्यांस व हंटरसाहेबांस दगडांत रुतलेले गोड्या पाण्यांतील शिंपले सांपडले. अग्नीच्या रसापासून झालेल्या काळ्या खडकांच्या थरांमध्यें एके काळीं तळीं होतीं, त्यांत जीव नांदत होते, ही साक्ष त्या दगडांनीं दिली. आपल्या वऱ्हाडांतील काळी माती त्याच खडकापासून झालेली आहे. नागपुराच्या दक्षिणेस मांगली येथें बेडकाच्या जातीच्या एका प्राचीन प्राण्याची कवटी मिळाली, तिचें वर्णन विलायतेंतील विख्यात पंडित ओवेन यांनीं १८५५ सालीं प्रसिद्ध केलें. त्याच कुळांतील प्राण्यांचे अवशेष पुढें ऑस्ट्रेलियांतही मिळाले. हिंदुस्थान, आफ्रिका व ऑस्ट्रेलिया हे देश फार प्राचीन काळीं एकाच भूमीचे भाग होते असें शास्त्रज्ञ मानितात, आणि त्या भूमीस त्यांनीं गोंड लोकांच्या मुलखावरून गोंडवन हें नांव दिलें आहे. एका खनिजास हिस्लॉपसाहेबांचेंही नांव मिळालें.

कोणी म्हणेल, उपदेशकास दगडधोंड्यांशीं काय काम? साहेबांस तसें वाटलें नाहीं. ज्यानें मनुष्य केला त्यानेंच शिंपला केला, मग एकाकडे पाहून दुसऱ्याकडे पाठ कां फिरवावी? आणि त्यांचें लक्ष दगडांवरच थांबलें नाहीं. रानांत राहणाऱ्या ज्या गोंडांस शहरांतील लोक तुच्छ मानीत, त्यांच्याजवळ बसून त्यांनीं त्यांची भाषा, चालीरीती व लिंगोविषयींचीं त्यांचीं लांबलचक गीतें लिहून घेतलीं. ज्यांस सुवार्ता सांगावयाची, त्यांचें म्हणणें अगोदर ऐकावें, ही त्यांची रीत होती.

आतां त्यांच्या शेवटच्या प्रवासाकडे येऊं. नागपुराच्या दक्षिणेस सुमारें २० मैलांवर टाकळघाट म्हणून गांव आहे. त्याच्या आसपास प्राचीन लोकांनीं मृतांसाठीं रचलेलीं मोठमोठ्या दगडांचीं वर्तुळें आहेत. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर तीं पाहण्यास व खणण्यास हिस्लॉपसाहेब १८६३ च्या सप्टेंबरांत गेले. मुक्काम जवळच बोरी येथें होता. दिवस पावसाचे होते. ४ सप्टेंबर रोजीं काम आटोपल्यावर इतर मंडळी मुक्कामाकडे परतली. साहेब मात्र गांवची शाळा तपासण्यासाठीं मागें राहिले, आणि मग एकटेच घोड्यावर बसून निघाले.

वाटेंत एक ओढा होता, आणि त्याचें पाणी चढलें होतें. थोड्या वेळानें मुक्कामावर घोडा आला. त्यावर स्वार नव्हता. लोक शोधावयास धांवले, आणि पाण्यांत त्यांस साहेबांचा मृतदेह सांपडला. ४६ वर्षें पूर्ण होण्यास त्यांस चारच दिवस उरले होते. मागें त्यांची पत्नी व मुलें राहिलीं.

लिहून ठेविलेले पुष्कळसे कागद अपुरेच होते. टेंपलसाहेबांनीं ते एकत्र करून १८६६ सालीं छापविले, आणि गोंडांचीं गीतें अशा रीतीनें वांचलीं. त्यांनीं सुरू केलेल्या शिक्षणाच्या कामांतून १८८३ सालीं हिस्लॉप कॉलेज उभें राहिलें.

प्रिय बंधूंनो, या चरित्रापासून दोन गोष्टी घ्याव्या. पहिली सावधपणाची. नाल्यास जो पूर येतो तो पुष्कळदां आपल्या डोक्यावर न पडलेल्या पावसाचा असतो. वर आभाळ मोकळें आणि पायाखालीं पूर, असें आपल्याकडे नेहमींच घडतें. म्हणून सायंकाळीं एकट्यानें नाला उतरूं नये. कांठच्या गुराख्यास विचारावें. पाणी ओसरेपर्यंत थांबावें लागलें, तर त्यास विश्वासाची उणीव समजूं नये. उपासना तासभर उशिरा झाली तर चालेल. परंतु उपदेशक गेला, तर मंडळी पोरकी होते.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. प्रांताचे मुख्य अधिकारी बरोबर असतांही ज्यांस खेड्यांतील मुलांची शाळा सोडून पुढें जावेंसें वाटलें नाहीं, त्यांचें शेवटचें काम लहान नव्हतें. आपणांपैकीं बहुतेकांच्या वांट्यास असेंच काम येतें: दहा-पांच मुलें, एक फळा, आणि गळकें छप्पर. तें काम मन लावून करावें; आणि मग घरीं निघतांना नाल्याचें पाणी नीट पाहावें.