कप्तान वालेंतिनो मात्झोला आणि तोरीनोचा अखेरचा हंगाम

उत्तर इटलीत मिलान शहरापासून थोड्या अंतरावर आद्दा नदीच्या काठी कास्सानो नावाचा एक लहानसा गाव आहे. तेथे २६ जानेवारी १९१९ रोजी एका गरीब कुटुंबात वालेंतिनो मात्झोला यांचा जन्म झाला. पुढे मंदीच्या दिवसांत वडिलांचे काम सुटले आणि घरात दारिद्र्य आले. तेव्हा ह्या मुलास कोवळ्या वयातच शाळा सोडून प्रथम एका पाववाल्याकडे व नंतर कापडाच्या गिरणीत राबावे लागले. वयाच्या दहाव्या वर्षी आद्देच्या पात्रात बुडत असलेल्या एका लहान मुलास त्यांनी पाण्यात उडी घेऊन वाचविले. तो मुलगा म्हणजे आंद्रेआ बोनोमी. पुढे तोही नामांकित खेळाडू होऊन मिलान संघाचा कप्तान झाला. दुसऱ्यासाठी स्वतःस झोकून देण्याचा हा स्वभाव मात्झोला यांच्या ठायी अखेरपर्यंत राहिला.

फुटबॉलातील नैपुण्यामुळे त्यांस मिलान येथील आल्फा रोमेओ मोटारींच्या कारखान्यात नोकरी व तेथील संघात जागा मिळाली. मग आरमारातील सक्तीच्या सेवेनिमित्त ते व्हेनिस येथे गेले आणि तेथील व्हेनेझिया संघातून खेळू लागले. ह्या संघाने १९४१ साली इटलीचा चषक जिंकला. एत्सिओ लोईक ह्या सोबत्याशी त्यांची जोडी तेथेच जमली, आणि १९४२ साली तोरीनो संघाचे अध्यक्ष फेर्रुच्चो नोव्हो यांनी ह्या दोघांसही एकदमच तुरीन शहरी आणिले.

पुढील इतिहास इटलीत मुलांनाही तोंडपाठ आहे. १९४३ साली तोरीनोने राष्ट्रीय साखळी स्पर्धा व चषक ही दोन्ही एकाच हंगामात जिंकली. असे इटलीत पूर्वी कोणी केले नव्हते. युद्धामुळे पडलेल्या खंडानंतर १९४६, १९४७ व १९४८ ही तिन्ही वर्षे अजिंक्यपद त्यांच्याकडेच राहिले. १९४६-४७ च्या हंगामात मात्झोला यांनी २९ गोल करून सर्वांवर मात केली. पुढच्या हंगामात संघाने ४० सामन्यांत १२५ गोल केले. ११ मे १९४७ रोजी इटलीचा हंगेरीशी सामना झाला, तेव्हा इटलीच्या अकरा खेळाडूंपैकी दहा एकट्या तोरीनोचे होते.

कप्तान उंचीने बेताचेच. परंतु बचावास मागे धावणारे तेच, चेंडू पुढे नेणारे तेच, आणि गोल करणारेही पुष्कळदा तेच. संघ आळसावला की फिलाडेल्फिया मैदानावरील प्रेक्षकांतून रेल्वेचा एक कर्मचारी आपला कर्णा फुंकी. तो आवाज ऐकताच कप्तान अंगातल्या सदऱ्याच्या बाह्या वर सारीत आणि सारा संघ तुटून पडे. त्यांच्या संसाराची घडी मात्र नीट बसली नाही. पहिला विवाह मोडला व दोन लहान मुलांची ताटातूट झाली. हे लपविण्याचे कारण नाही. आपण येथे संताचे चरित्र सांगत नसून एका कर्तबगार मनुष्याचे सांगत आहो.

आता १९४८-४९ च्या हंगामाकडे वळू. स्पर्धेत वीस संघ. प्रत्येकास ३८ सामने. विजयास दोन गुण व बरोबरीस एक. मिलानचा इंतर संघ तोरीनोचा पाठलाग करीत होता. ३० एप्रिल १९४९ रोजी ह्या दोघांचा सामना मिलान येथे एकही गोल न होता बरोबरीत सुटला. तोरीनोस चार गुणांची आघाडी राहिली आणि चार सामने उरले. विजय हाती आल्यासारखाच होता.

परंतु कप्तानांचा एक शब्द बाकी होता. त्याच वर्षी २७ फेब्रुवारी रोजी जेनोवा येथे इटली व पोर्तुगाल यांचा सामना झाला होता. त्या प्रसंगी पोर्तुगालचे कप्तान फ्रांसिस्को फेर्रेइरा यांच्याशी मात्झोला यांचा स्नेह जडला, व फेर्रेइरा यांच्या सन्मानार्थ लिस्बन येथे बेन्फिका संघाशी खेळण्यास तोरीनो येईल असे ठरले. प्रकृती बरी नसतानाही मात्झोला गेले. ३ मे रोजी तो सामना झाला. बेन्फिकाने चारास तीन गोलांनी जिंकला.

दुसऱ्या दिवशी, ४ मे रोजी, विमान परत येत असता तुरीनवर दाट ढग व पाऊस होता. शहराजवळच्या सुपेर्गा टेकडीवर एक भव्य बासिलिका आहे. १७०६ साली फ्रेंचांनी तुरीनला वेढा घातला असता ड्यूक दुसरा व्हित्तोरिओ आमेदेओ यांनी देवमातेस नवस केला व विजयानंतर तो फेडण्याकरिता हे मंदिर उभारिले. सायंकाळी पाच वाजून तीन मिनिटांनी ते विमान ह्याच मंदिराच्या मागील भिंतीवर आदळले. ३१ जण होते. एकही वाचला नाही. त्यांत १८ खेळाडू होते. मात्झोला तीस वर्षांचे होते. लोईक त्यांच्यासोबतच गेले. इटलीस १९३४ व १९३८ साली जगज्जेतेपद मिळवून देणारे व्हित्तोरिओ पोत्सो यांच्यावर प्रेते ओळखण्याचा दुर्धर प्रसंग आला. ६ मे रोजी अंत्यविधीस पाच लाखांहून अधिक माणसे रस्त्यांवर लोटली.

उरलेले चार सामने कोणी खेळावे? तोरीनोने आपले कुमार खेळाडू मैदानात उतरविले. तेव्हा जेनोआ, पालेर्मो, साम्पदोरिआ व फिओरेंतिना ह्या चारही प्रतिस्पर्ध्यांनीही आपले मोठे खेळाडू बाजूस ठेवून कुमारांचेच संघ पाठविले. शोकाकुल घराचा फायदा घेणे त्यांस पसंत पडले नाही. १५ मे रोजी त्या मुलांनी जेनोआस चार गोलांनी हरविले आणि पुढील तिन्ही सामनेही जिंकले. ते अजिंक्यपद केवळ दयेपोटी दिले गेले असे कोणास वाटत असल्यास त्याने गुणांचा हिशेब पाहावा. चार सामन्यांतील आठांपैकी सात गुण इंतरने मिळविले व त्यांचे ५५ झाले. तोरीनोच्या कुमारांनी आठही मिळवून आपल्या संघाचे ६० केले. वडीलधाऱ्यांनी अर्ध्यावर ठेविलेले काम त्यांनी पदरी घेऊन शेवटास नेले.

मात्झोला यांचा वडील मुलगा सांद्रो तेव्हा सहा वर्षांचा होता. तो पुढे त्याच इंतर संघाचा थोर खेळाडू झाला. १९६४ व १९६५ साली त्या संघाने युरोपचा चषक जिंकला तेव्हा तो त्यात होता. धाकटा फेर्रुच्चोही फुटबॉलपटूच झाला.

आजही दरवर्षी ४ मे रोजी तुरीनचे लोक सुपेर्गाची टेकडी चढतात, आणि तोरीनोचा विद्यमान कप्तान त्या मृतांची नावे एकेक करून वाचतो. वाचकहो, आपल्या गावच्या मैदानावर खेळणाऱ्या तरुणांस एवढेच सांगावेसे वाटते, की कप्तानपद हा मिरविण्याचा मान नव्हे. दिलेला शब्द पाळणे, थकलेल्यांपुढे प्रथम स्वतः बाह्या सारणे, आणि आपल्यामागे काम पुरे करतील अशी मुले तयार ठेवणे, हे त्याचे मोल होय. तसेच जिंकण्याची संधी समोर असता दुःखितावर तुटून न पडणाऱ्या त्या चार प्रतिस्पर्ध्यांसही विसरू नये. त्या हंगामाचे यश त्यांचेही आहे.