डॉक्टर जोसेफ ब्लॅक, गुप्त उष्णतेचे शोधक

वेसाव्याच्या बंदरावरून मासेमारीच्या नावा समुद्रात जावयास निघतात, तेव्हा जाळ्यांबरोबर फोडलेला बर्फही खणांत भरून घेतलेला असतो. कित्येक दिवसांनी नाव परत येते, तरी त्या बर्फाचे सर्व पाणी झालेले नसते, व त्यात ठेविलेली पापलेटे ताजी निघतात. बर्फ इतका टिकतो कसा, असे विचारिले तर तो थंड असतो म्हणून, एवढेच उत्तर बहुतेक लोक देतील. ह्या उत्तराने ज्याचे समाधान झाले नाही अशा एका विद्वानाची हकीकत वाचकांस सादर करितो.

जोसेफ ब्लॅक ह्यांचा जन्म १६ एप्रिल १७२८ रोजी फ्रान्स देशातील बोर्दो शहरी झाला. त्यांचे वडील मूळचे बेलफास्टचे. द्राक्षारसाच्या व्यापारासाठी ते तेथे राहत. मुलाने ग्लासगो व एडिंबरो येथे वैद्यकीचा अभ्यास केला. १७५४ साली पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधाच्या शोधांतून त्यांनी दाखविले की, चुनखडी भाजली असता तिच्यातून साध्या हवेहून निराळा असा एक वायू निघून जातो, आणि तिचे वजन घटते ते त्यामुळेच. आपल्या कोकणकिनाऱ्यावर शिंपले भाजून चुना करितात, त्या भट्टीतूनही हाच वायू निघतो.

१७५६ साली ते ग्लासगोच्या विद्यापीठात अध्यापक झाले, आणि तेथे त्यांचे लक्ष उष्णतेकडे वळले. बर्फ वितळण्याच्या बेतास आला की मग थोडक्याच उष्णतेने त्याचे सगळे पाणी होते, असे त्या काळचे पंडित मानीत. ब्लॅक म्हणत, हे खरे असते तर वसंत ऋतूतील पहिल्या उबदार दिवशीच डोंगरांवरील सारे बर्फ एकदम वितळून खालची गावे वाहून गेली असती. तसे होत नाही. ते आठवडेच्या आठवडे हळूहळू पाझरत राहते. गंगेच्या काठी राहणाऱ्यांस ह्या विचाराचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

मग त्यांनी पातळ काचेची दोन सारखी भांडी घेतली. एकात पाच औंस पाणी गोठवून बर्फ केले. दुसऱ्यात तितकेच पाणी फारेनहाइटच्या ३३ अंशांपर्यंत थंड केले. दोन्ही एका मोठ्या दालनात टांगून ठेविली. दालनाची उष्णता ४७ अंश होती. पाणी अर्ध्या तासात ७ अंश चढले. बर्फाला वितळून ४० अंशांवर येण्यास साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीसपट वेळ! हिशेब करता सुमारे १४० अंशांइतकी उष्णता बर्फाने पोटात घेतली होती, आणि उष्णतामापक यंत्रावर तिचा मागमूसही नव्हता. हिलाच त्यांनी गुप्त उष्णता म्हटले, व १७६२ साली विद्वानांच्या मंडळीपुढे हा शोध मांडिला. आजच्या मापाने सांगावयाचे तर, एक किलो बर्फ वितळविण्यास लागणारी उष्णता तितक्याच पाण्यास सेंटिग्रेडचे सुमारे ८० अंश तापवू शकते. पाण्याची वाफ होण्यास तर ह्याच्या सहापटीहून अधिक लागते. म्हणूनच आधण लवकर येते, पण सारे पाणी आटावयास फार वेळ जातो. आणि बांबूंच्या वलांडीवर टांगलेले बोंबील सुकण्यास वारा असला तरी उन्हाचाही हातभार लागतो.

ह्याच सुमारास विद्यापीठात यंत्रे दुरुस्त करणारा जेम्स वॅट नावाचा तरुण होता. थोड्याशा वाफेने पुष्कळ पाणी कसे तापते, ह्याचे त्याला नवल वाटले. ब्लॅक ह्यांनी त्याला कारण समजावून दिले व पुढे पैशाचीही मदत केली. वॅटच्या सुधारलेल्या वाफेच्या यंत्राची कथा सर्वश्रुतच आहे. १८३३ साली अमेरिकेतून निघालेले टस्कनी नावाचे गलबत १८० टन बर्फ घेऊन चार महिन्यांनी कलकत्त्यास पोहोचले, तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. भुसा वगैरेंचे वेष्टण होतेच; परंतु बर्फाच्या अंगी ही गुप्त उष्णतेची भूक नसती तर वेष्टणाने काय होणार?

एक गोष्ट मात्र मनास लागते. हा शोध ब्लॅक ह्यांनी छापिला नाही. १७६६ पासून एडिंबरो येथे ते वर्षानुवर्षे शिकवीत राहिले. विद्यार्थी टिपणे घेऊन देशोदेशी गेले, आणि इतरांनी तशाच गोष्टी आपल्या नावाने प्रसिद्ध केल्या. त्यांची प्रकृती नाजूक होती हे खरे. तरी मला वाटते की ह्यात अति सावधपणाचाही दोष होता. व्याख्याने १८०३ साली छापून निघाली, ती त्यांच्या पश्चात मित्र जॉन रॉबिसन ह्यांच्या श्रमाने.

ते अविवाहित होते. आहार अगदी मोजका. १७९९ च्या अखेरीस एके दिवशी भाकर, थोडी सुकी फळे व पाणी घातलेले दूध असे नेहमीचे जेवण घेऊन ते बसले होते. पेला मांडीवर धरिला असतानाच प्राण गेला. चाकर आत आला तेव्हा त्याला वाटले की धन्यास झोप लागली आहे. पेल्यातले दूध सांडलेसुद्धा नव्हते.