झाडांच्या आधीचे बोस

आपल्या शाळेतल्या बहुतेकांना जगदीशचंद्र बोस आठवतात ते झाडांनाही संवेदना असतात हे दाखवणारे शास्त्रज्ञ म्हणून. अभियांत्रिकीला गेलेल्यांची त्यांच्याशी पुन्हा गाठ पडते ती डायोडच्या धड्यात. हे दोन बोस वेगळे नाहीत, हे सांगण्यासाठी हा लेख.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी बंगालमधल्या मैमनसिंग येथे झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी होते. पण त्यांनी मुलाला मुद्दाम बंगाली शाळेत घातले. तिथे एका बाजूला कोळ्याचा मुलगा, दुसऱ्या बाजूला वडिलांच्या चपराशाचा मुलगा बसे. पुढे कोलकात्याचे सेंट झेवियर्स, मग लंडनला वैद्यकीय शिक्षण. तब्येतीमुळे ते सोडावे लागले आणि केंब्रिजमध्ये लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू लाभले. १८८५ मध्ये ते प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले. इंग्रज प्राध्यापकांपेक्षा पगार बराच कमी, म्हणून तीन वर्षे त्यांनी पगार घेतलाच नाही. शिकवणे मात्र चालू ठेवले. अखेर सरकारने मागील थकबाकीसह पूर्ण पगार दिला.

१८९४ पासून ते विद्युतचुंबकीय लहरींवर संशोधन करू लागले. उपकरणे पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून घडवून घेतली. इतरांच्या लहरी लांब असत. बोसांनी ५ मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निर्माण केल्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ६० अब्ज कंपने. १८९५ मध्ये कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतीपलीकडची घंटा या लहरींनी वाजवून दाखवली.

खरी अडचण लहरी पकडण्याची होती. त्या काळी लोखंडाच्या किसाची नळी वापरत. प्रत्येक संकेतानंतर ती ठोकून पूर्ववत करावी लागे. बोसांनी आधी स्प्रिंगा वापरल्या, मग एकेक पदार्थ घेऊन विद्युतदाब वाढवला की प्रवाह कसा बदलतो याचे आलेख काढले. सरळ रेषेत वाढणारा पदार्थ निरुपयोगी. वक्र रेषा देणारा कामाचा. शिशाचे खनिज गॅलेना तसे होते. गॅलेनात प्रवाह एका दिशेने जास्त वाहतो हे जर्मनीत फर्डिनांड ब्राऊन यांनी १८७४ मध्येच पाहिले होते. बोसांनी त्याचा स्पर्शबिंदू रेडिओ लहरी पकडायला लावला.

आजही एवढ्या उच्च वारंवारतेसाठी डायोड निवडताना हेच पाहतात. घरच्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारा जाड डायोड इथे चालत नाही. तो बंद व्हायच्या आत लहर उलटलेली असते. शिवाय त्याचा सांधा मोठा, म्हणजे धारिता जास्त, आणि संकेत तिच्यातूनच निसटतो. म्हणून सांधा सुईच्या टोकाएवढा किंवा त्याहून लहान हवा, आणि संकेत क्षीण असल्याने अगदी कमी दाबावर वक्रता हवी. धातू आणि अर्धवाहक यांच्या सांध्याचा शॉट्की डायोड म्हणूनच वापरतात.

मित्रांच्या आग्रहाने बोसांनी १९०१ मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला; ते १९०४ मध्ये मिळाले. त्यातून त्यांनी पैसा केला नाही, मुदत संपू दिली. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी वॉल्टर ब्रॅटन यांनी पुढे रेडिओ लहरींसाठी अर्धवाहक स्फटिक प्रथम वापरल्याचे श्रेय त्यांना दिले.

या उपकरणांवर काम करताना बोसांना दिसले, की सतत वापराने ती मंदावतात आणि विश्रांतीनंतर पुन्हा ताजी होतात. निर्जीव धातू थकतो, तर वनस्पतीचे काय? या प्रश्नातून ते झाडांकडे वळले. पुस्तकातला लाजाळूचा प्रयोग आणि गॅलेनाचा खडा एकाच माणसाच्या एकाच वाटेवरचे आहेत.

१९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. आपल्यापैकी जे आज शिक्षक आहेत, त्यांना एक विनंती: वर्गात झाडांचे बोस शिकवाल तेव्हा हा खडाही मुलांच्या हातात द्या, आणि ते मातृभाषेच्या शाळेत शिकले हेही सांगा.