बीसीएनएफमधला ‘सी’

डीबीएमएसच्या व्हायव्हात बीसीएनएफचा फुल फॉर्म आपण सगळेच धडाधड सांगतो. त्यातला बॉइस कोण आणि कॉड कोण, हे एक्स्टर्नल विचारत नाहीत, म्हणून आपणही शोधत नाही. मी शोधलं, कारण मिनी प्रोजेक्टमुळे कॉड यांच्याशी माझा रोजचाच संबंध येतो.

प्रोजेक्ट म्हणजे आमच्या सिंदी (रेल्वे) च्या एका कृषी केंद्राची उधारीची वही, डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशनमध्ये. वर जावा स्विंग, खाली एसक्यूलाइट. शेतकरी, बिल, माल असे डेटा मॉडेल आणि मधे माझा हेल्पर क्लास. टेबलातली ओळ उचलायची, तिचा ‘शेतकरी’ ऑब्जेक्ट करायचा, सेव्ह करताना उलटं. डेमोत हे कोड कोणाला दिसत नाही, पण ते चुकलं तर एकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यावर चढते. मग गावात भांडणच!

एडगर फ्रँक कॉड यांचा जन्म १९२३ चा, इंग्लंडमधल्या पोर्टलंडचा. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र, मधे दुसरं महायुद्ध, त्यात हवाई दलात पायलट. १९४८ मध्ये अमेरिकेला गेले आणि पुढच्या वर्षी आयबीएममध्ये प्रोग्रामर झाले. सिनेटर मॅकार्थी तेव्हा ज्याला त्याला कम्युनिस्ट ठरवत सुटले होते. त्याचा कॉड यांना इतका संताप आला की १९५३ मध्ये ते सरळ कॅनडाला निघून गेले. काही वर्षांनी परतले, आणि चाळिशी उलटल्यावर, १९६५ मध्ये, मिशिगन विद्यापीठाची पीएचडी मिळवली. आपल्याला चौथ्या सेमिस्टरलाच कंटाळा येतो, असो.

खरी गोष्ट पुढे आहे. आयबीएमचं तेव्हाचं आयएमएस हे अपोलो मोहिमेतल्या सुट्या भागांच्या याद्या सांभाळायला सुरू झालेलं सॉफ्टवेअर. त्यात डेटा झाडासारखा. समजा शेतकऱ्याच्या फांदीवर बिल आणि बिलाच्या फांदीवर माल. एका शेतकऱ्याची उधारी पटकन निघते, पण अमुक बियाणं कोणाकोणाला विकलं हे विचारलं की सगळ्या फांद्या चढून उतरा. आणि झाडाची रचना बदलली की त्यावर लिहिलेले प्रोग्रामही बदला.

१९७० च्या पेपरात कॉड यांनी झाडच काढून टाकलं. सगळा डेटा टेबलांत ठेवा. बिलाच्या ओळीत शेतकऱ्याचा नंबर लिहा, तोच दुवा. काय हवं ते सांगा, कुठून कसं जायचं ते मशीन बघेल. पाया सेट थिअरी आणि लॉजिकचा, म्हणजे ज्या डिस्क्रीट मॅथ्सला आपण शिव्या घालतो त्याचाच.

यातला ‘की’चा मुद्दा मला आमच्या गावाच्या नावावरूनच पटला. वर्ध्याला लागून सिंदी (मेघे) आहे आणि सेलू तालुक्यात आमची सिंदी (रेल्वे). नुसतं ‘सिंदी’ लिहिलं तर पार्सल कुठे जाईल नेम नाही. वहीत एकाच नावाचे दोन शेतकरी आले तरी तेच, म्हणून नंबर हवाच.

आयबीएमला हे लगेच रुचलं नाही, कारण आयएमएस विकलं जात होतं. कॉड मागे हटले नाहीत. स्वतःच्याच कंपनीच्या मालाविरुद्ध ते वर्षानुवर्षं लिहीत, वाद घालत राहिले. याला हिंमत लागते हो! आयबीएमने सिस्टिम आर नावाचा प्रयोग केला, त्यातून एसक्यूएल आली. ती चेंबरलिन आणि बॉइस यांनी घडवली (हाच आपला ‘बी’, बिचारा १९७४ मध्ये ऐन तरुणपणी गेला). पण बाजारात पहिला नंबर मारला तो बाहेरच्यांनी. ओरॅकल १९७९ मध्ये आलं, आयबीएमचं स्वतःचं १९८१ मध्ये. त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग अवॉर्ड मिळालं.

तरीही ते खूश नव्हते. एसक्यूएलने आपलं मॉडेल अर्धवट उतरवलं, असं त्यांचं मत होतं. १९८५ मध्ये त्यांनी बारा नियम जाहीर केले. शून्यापासून मोजल्यामुळे ते भरतात तेरा! त्यातला तिसरा नल व्हॅल्यूचा. पुढे त्यांनी नलचे दोन प्रकार मागितले. एक, माहिती आहे पण आपल्याला मिळालेली नाही. दुसरा, ती लागूच होत नाही. मला हे आधी पंडिती वाटलं. पण तान्ह्या पोळ्याच्या सुट्टीत गावी त्या दुकानात बसले, तेव्हा कळलं. एका आजोबांकडे फोनच नाही, आणि दुसऱ्या काकांकडे आहे, पण वहीत नंबर लिहायचा राहिलाय. उधारीचा निरोप पहिल्यांच्या घरी माणूस पाठवूनच द्यायचा, दुसऱ्यांना मात्र नंबर विचारायचा. एसक्यूएलमध्ये दोन्हीकडे नुसता नल. ते दोन प्रकार एसक्यूएलमध्ये शेवटपर्यंत आलेच नाहीत.

कॉड १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात वारले. शेतकरी टेबलात मी ‘फोन स्थिती’ असा जादा कॉलम टाकलाय, आणि हेल्पर क्लास ऑब्जेक्ट बनवताना आधी तो बघतो, मग नंबर.